काचेतली बोंडं

सगुणाने आयुष्यात एकही गोष्ट पहिल्या सांगण्यात खरी मानली नाही. कोळीण दारात येऊन बसली, की सगुणा आधी मासा हुंगायची, मग कोळणीचा चेहरा न्याहाळायची आणि मगच टोपली खाली ठेवू द्यायची. स्वतः विहिरीवरून आणलेलं पाणीसुद्धा ती घरी येऊन पुन्हा गाळून घेई. नवरा भिवा मिठागरावर कामाला होता. तो संध्याकाळी परतला की तिची नजर आधी त्याच्या पायांवर जायची. पायांवर मिठाची पांढरी साय नसली, तर बिचाऱ्याला जेवणाआधी बराच खुलासा करावा लागे. पुढे तो तापाने अंथरुणाला खिळला, तेव्हा वैदूचा काढा तिने आधी स्वतः पिऊन पाहिला आणि मग त्याला दिला. खाडीकाठच्या कळवे गावात म्हणत, हिला उद्या देव भेटला तरी ही त्याला गाव विचारेल.

पण एका कामात सारं कळवं तिच्यावर डोळे मिटून विसंबत असे. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तर सगुणाने. ती पाटावर पाय लांब करून बसायची, बाळाला नडग्यांवर निजवायची आणि तेल जिरवायला घ्यायची. रडून लालबुंद झालेलं पोर हळूहळू गप्प होत जायचं. टाळू भरणं, नाक ओढणं, सांधे मोकळे करणं, मग कढत पाणी, मग ओव्याची धुरी आणि शेवटी सहाणेवर उगाळलेली घुटी. घुटीत वेखंड किती, मुरडशेंग किती, जायफळ किती, हे ती पोराचं पोट चाचपून ठरवी. तिच्या हाताखालून गेलेली पोरं आज बापये होऊन मिठागरावर राबत होती. त्यांतला एखादा वाकडं बोलला, की ती चारचौघांत म्हणायची, "गप रं, तुजी टालू मी भरलीय." मग तो गप्प बसे.

म्हणजे तिचा कोणावर विश्वास नव्हता आणि तिच्यावर मात्र सगळ्यांचा होता. असली सोय माणसाला फार मानवते. सगुणालाही ती मानवली होती.

अठराशे सत्तर साल नुकतंच उलटून गेलं होतं. मिठाच्या कचेरीतला एक साहेब ठाण्याला राहायला आला. त्याच्या बायकोला मुलगा झाला आणि मडम बाळंतपणातून लवकर उठेना. कोणीतरी साहेबाच्या कानावर सगुणाचं नाव घातलं. भिवा तोवर गेला होता, मुलगा काळुराम मिठागरावर लागला होता, त्याचं लग्न झालं होतं. सगुणा खाडी ओलांडून साहेबाच्या बंगल्यावर जाऊ लागली. भाकरी घरची न्यायची, पाणी घरचं न्यायची आणि बंगल्यातली प्रत्येक वस्तू संशयाने बघायची. डब्यातून येणाऱ्या विलायती दुधावर तिचा खास राग होता. जे दूध नासत नाही ते दूधच नव्हे, असं तिचं म्हणणं, आणि मडम झोपली की ती ते मोरीत ओतून पोराला गाईचं दूध पाजत असे.

पोर मात्र तिला लागलं. पिवळ्या केसांचं, पांढऱ्या कातडीचं पोर पहिल्यांदा नडग्यांवर घेतलं तेव्हा, तेल लावलं तर रंग जाईल की काय, असं तिला वाटलं होतं. रंग गेला नाही. ती त्याला सोन्या म्हणायची. साहेबाच्या घरात त्याचं नाव काही वेगळंच होतं, ते तिच्या जिभेला कधी वळलं नाही. तो बोलू लागला तेव्हा पहिला शब्द म्हणाला तो "आये", आणि तोही सगुणाकडे बघून. मडम तिथेच खुर्चीवर बसली होती. तिने ऐकलं.

दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस सोन्याचा घसा सुजला. ताप चढला, श्वास घरघरायला लागला. गोरा डॉक्टर आला, औषधं आली, बर्फ आला. सगुणाला खोलीत जाऊ देईनात. ती मागच्या ओट्यावर बसून राहिली. आतलं घरघरणं थांबलं तेव्हा तिला कोणी सांगावं लागलं नाही.

थोड्या वेळाने मडम ओट्यावर आली. तिच्या हातात घुटीची वाटी होती. तिने ती नाकाशी नेली, वास घेतला आणि सगुणाकडे पाहिलं. मग वाटी जमिनीवर ठेवली आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी खानसाम्याने फाटकातच सांगितलं, की आता यायचं कारण नाही.

त्या काळी साहेबांच्या घरांत एक भीती कायम वस्तीला असे. पोरं सांभाळणाऱ्या बाया पोरांना गप्प ठेवायला अफू चारतात, ही. कोणी चारतही असतील. सगुणाने अफूला उभ्या जन्मात हात लावला नव्हता. मडमेने तोंडावर आळ घेतला असता, तर सगुणा भांडली असती, सहाण आणून दाखवली असती, जायफळ मडमेच्या नाकाखाली धरलं असतं. पण वासाशी भांडायचं कसं? मडम काही बोललीच नाही आणि तो न बोललेला शब्द सगुणाच्या छातीत रुतून बसला.

ती रडली मात्र नाही. रडली असती तर बघणारे म्हणाले असते, आता रडते. ते तिला पक्कं ठाऊक होतं, कारण दुसऱ्या कोणाच्या बाबतीत ती स्वतःही तसंच म्हणाली असती.

खानसामा बाजारात बोलला, बाजार खाडीपलीकडे बोलला. सगुणाला कोणी काही विचारलं नाही. फक्त न्हाऊ घालायची बोलावणी बंद झाली. ज्या घरी पाळणा हलायचा त्या घरची बाई वाटेत भेटली, की हसून सांगायची, "माजी आयस आलीय माहेरशी, तीच घालते." अवघ्या कळव्यात सगळ्यांच्या आयांना एकदम सवड झाली होती. सगुणा हे ऐकून घेई, पुढे चालू लागे आणि मागे वळून बघे, की आपल्या पाठीमागे ती हसते आहे का. आधी तिला माशांचा आणि पाण्याचा संशय यायचा. आता माणसांच्या डोळ्यांचा येऊ लागला.

दोनेक वर्षं अशी गेली. मडम विलायतेला परत गेली होती. साहेबाने पोराच्या आठवणीसाठी ठाण्यातल्या इंग्रजांच्या चर्चमध्ये रंगीत काचेची खिडकी बसवायचं ठरवलं. गवताने भरलेल्या मोठमोठ्या पेट्या आगगाडीतून उतरल्या. खिडकी भिंतीत बसवायला जे गवंडी लावले, त्यांच्या हाताखाली कळव्याचा राघो होता.

हा राघो माणूस कामाचा, पण अफूचा नादी. सकाळची गोळी पोटात गेल्याशिवाय त्याचे डोळे उघडत नसत. काम संपवून तो गावात आला आणि गावदेवीच्या देवळासमोर बसलेल्या मंडळींना त्याने सांगितलं, "मदी येक बाय हाय. तिच्या मांडीवं गोरा पोर. पायाखाली ह्यो एवरा साप. आनि चारी बाजूला अफूची बोंडा, चिरलेली. चीक काराला चिरतात ना, तशी."

एरवी राघोच्या शब्दाला कवडीची किंमत नव्हती. पण अफूचं बोंड ओळखावं तर राघोनेच, यावर सगळ्यांचं एकमत झालं. बाई म्हणजे मडम, पोर म्हणजे साहेबाचा पोर, बोंडं म्हणजे बोंडं. साप कोण, हे कोणीच बोललं नाही. बोलायला उरलंच काय होतं?

सगुणाला हे तिच्या सुनेच्या तोंडून नव्हे, बाहेरून कळलं, हेच तिला सर्वांत जास्त लागलं. मालन कल्याणकडची, अबोल आणि जपून बोलणारी. तिची पहिली मुलगी माहेरी झाली होती. दुसरं बाळंतपण रिवाजाप्रमाणे सासरी. म्हणजे या वेळी नातवंड सगुणाच्या घरात जन्माला येणार होतं, सगुणाच्या पाटावर, सगुणाच्या पायांवर. तिने आधीच खोबऱ्याचं तेल काढून ठेवलं होतं, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी शिवून ठेवली होती. मुलगा झाला. आणि पाठोपाठ मालनची आई गोदा, कल्याणहून गाडीत बसून, बोचकं घेऊन दारात हजर झाली.

"तुमी आता दमलाव, येनबाय," गोदा म्हणाली. "बालाचा मी बघते."

सगुणा दमली नव्हती. ती बाहेर ओटीवर बसायची आणि आत बाळाच्या अंगावर पाणी पडताना ऐकायची. गोदाचा हात जड होता. पाणी फार कढत असायचं किंवा फार कोमट, आणि पोर टाहो फोडायचं. त्या रडण्यावरूनच सगुणाला कळे, की आता नाकात पाणी गेलं, आता मान नीट धरली नाही. तिचे पाय आपोआप लांब व्हायचे. ती आत डोकावली की गोदा बाळावर पदर ओढायची, जणू दारातून वारा आला. एकदा न राहवून सगुणाने सुनेलाच विचारलं.

"मालन, येक दिस मना दे ग."

मालनने बाळाकडे पाहिलं, सासूकडे नाही. "आये, आई हाय ना. तू कनाला तरास घेतंस?"

दुसऱ्या कोणाच्या पोरांचं सोडा. हा भिवाचा नातू होता. आपल्याच घरात, आपल्याच रक्ताच्या पोराला आपला हात लागू नये म्हणून पहारा बसला आहे, हे सगुणाला सहन होईना. तो पहारा त्या खिडकीने बसवला होता, अशी तिची खात्री पटली. मडम समुद्रापलीकडे गेली, पण जाताना काचेत सगळं लिहून गेली.

ती बाजाराच्या निमित्ताने ठाण्याला गेली आणि चर्चच्या कुंपणाबाहेर उभी राहिली. खिडकी तिने पाहिली ती बाहेरून. बाहेरून असल्या काचेत रंग दिसत नाहीत, काच काळपट दिसते आणि शिशाच्या जाड रेघा तेवढ्या उठून दिसतात. सगुणाला एक बसलेला आकार दिसला, वळवळणारी एक रेघ दिसली, आणि कडेने गोल गोल बोंडं. डोक्यावर कातरलेला मुकुट, पोटात चीर. राघो खोटं बोलला नव्हता.

झाडलोट करणाऱ्या एका माणसाने तिला पाहिलं. त्याचं नाव सहदेव. नगरकडून आलेला, ख्रिस्ती झालेला, आणि आता चर्चच्या किल्ल्या त्याच्याकडे असत. "मावशी, बाहेरून काही कळायचं नाही," तो म्हणाला. "हे चित्र आत उभं राहून बघायचं असतं. सकाळी या, ऊन त्याच बाजूने येतं."

सगुणाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने मासे विकायला काढले होते. आत बोलावतो आहे, तेही आपण होऊन, तेही गोड बोलून. ती तडक घरी आली. माणसं बाटवायची ती अशीच, हे तिने ऐकलं होतं. आत नेतात, अंगावर पाणी शिंपडतात, पाव खायला देतात, झालं. बाहेर येईपर्यंत जात गेलेली असते. आत पाऊल टाकलं तर गाव वाळीत टाकेल, काळुरामला मिठागरावर कोणी शेजारी उभं करणार नाही. आणि पाऊल टाकलं नाही तर? तर राघोने सांगितलं तेच खरं, गोदाचा पदर बाळावर तसाच आणि आपण ओटीवर. तिला एकच गोष्ट समजून घ्यायची होती. मडमेने तिला काचेत घातलं आहे का, आणि घातलं असेल तर साप म्हणूनच का. दुसऱ्याच्या तोंडून नव्हे, स्वतःच्या डोळ्यांनी. राघोच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून मरायची तिची तयारी नव्हती.

एके सकाळी तिने पदरात खडे मीठ आणि सुक्या मिरच्या गाठ मारून घेतल्या आणि ती निघाली. सहदेवने दार उघडलं, तशी ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"पानी शिपराचा नाय."

"नाही शिंपडणार."

"खावाला काय देवाचा नाय. हात लावाचा नाय. आनि मना काय बोलाला लावाचा नाय."

"तुम्ही नुसतं बघा, मावशी," सहदेव म्हणाला. तो दाराशीच थांबला. तिने मिठाची गाठ मुठीत घट्ट धरली आणि आत गेली.

आत थंड होतं आणि कोणीच नव्हतं. चार पावलं पुढे गेल्यावर तिला आपल्या पायांवर लाल आणि निळं काहीतरी पडलेलं दिसलं. रंग सांडला, अशा समजुतीने तिने पाय झटकन मागे घेतला. रंग फरशीवर राहिला. पाय पुन्हा पुढे केला, रंग पायावर आला. तिने वाकून बोट फिरवलं, हुंगलं. कशाचाच वास नव्हता. मग तिने वर पाहिलं.

काच पेटली होती. बाहेरून जी काळी भिंत वाटली होती, तिच्यात निळं निळं लुगडं नेसलेली एक बाई बसली होती. डोक्यावरून पदर घेतलेली. मडमेने कधी डोक्यावरून पदर घेतला नव्हता, ही मडम नव्हती. तिच्या मांडीवर पिवळ्या केसांचं पोर होतं, उघडं, गुटगुटीत, घुटी पाजायला घ्यावं तसं आडवं धरलेलं. आणि कडेने वेलीवर ती बोंडं. सगुणाने डोळे बारीक केले. बोंडं हिरवी नव्हती, लालभडक होती. चीर होती, पण चिरेतून चीक येत नव्हता. चिरेत दाणे होते. एकाला एक चिकटलेले, लाल, पाणीदार दाणे.

"अरं, ही तं डालिंबा हात," ती मोठ्याने म्हणाली.

"डाळिंबंच आहेत," सहदेव दारातून म्हणाला.

"बोंडा नाय?"

"कसली बोंडं? डाळिंब म्हणजे मेल्यावर पुन्हा उठणं. वरून वाळकं दिसतं, फोडलं की आत जीव भरलेला. म्हणून काढतात."

सगुणाने हे ऐकून घेतलं, पण लगेच मान्य केलं नाही. तिने कडेने फिरून एकेक फळ पाहिलं. एखादं बोंड लपवलं नाही ना, याची खात्री करून घेतली. मग वरच्या गोलात तिला एक कोकरू दिसलं, पायात निशाण धरलेलं.

"ह्यो कोन? कापाला आनलंय?"

"तो प्रभू येशू. कोकरासारखा बळी गेला, म्हणून कोकरू."

"बली गेला तं निशान कनाला?"

"जिंकला म्हणून."

हे उत्तर सगुणाला मुळीच पटलं नाही, पण कोकराशी तिचं भांडण नव्हतं. तिने बोट खाली नेलं. बाईच्या पायाखाली हिरवा साप वेटोळं घालून पडला होता, जबडा उघडून.

"आनि ह्यो?"

"तो सैतान."

"बाय का बुवा?"

सहदेव गोंधळला. "दोन्ही नाही. वाईटपणा, पाप. आईच्या आणि बाळाच्या पायाखाली तो चिरडला जातो, असा अर्थ."

"नाव असंल ना त्याला? कुनाचा वाईटपना? खाली लिवलंय तं काय लिवलंय? वाच."

सहदेव आत आला, तिच्यापासून हात दोन हात अंतर ठेवून उभा राहिला, आणि काचेखालच्या ओळी त्याने वाचल्या. मुलाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, मुलाचं वय, आणि देवाने दिलं ते देवाने नेलं असं एक वचन.

"आनि मी?" सगुणाने विचारलं.

"तुम्ही?"

"मी, सगुना. कलव्याची. मी त्याला न्हानी घालाची. मना काय बोललीय ती? नीट वाच. वाईट असंल तं वाईट वाच."

सहदेवने पुन्हा वाचलं, या वेळी एकेका शब्दाखाली बोट धरून. "नाही, मावशी. तुमचं नाव नाही. कुठेच नाही."

"सापाजवल?"

"सापाजवळ काही लिहिलेलं नाही. आणि मावशी, हे चित्र काही या बाळासाठी मुद्दाम काढलेलं नाही. नगरच्या आमच्या चर्चमध्ये मी हेच पाहिलंय. हीच आई, हाच साप, हीच डाळिंबं. विलायतेत ही तयार मिळतात. खाली नाव तेवढं ज्याचं त्याचं घालतात."

सगुणाच्या मुठीतली गाठ सैल झाली. तिला आधी वाटलं, सुटले. आळ नाही, अफू नाही, साप कोणाचाच नाही. मग ती काचेकडे बघतच राहिली आणि सुटल्याचा आनंद कुठल्या कुठे गेला. इतके दिवस तिला वाटत होतं, की सातासमुद्रापलीकडे एक बाई आपल्या नावाने जळते आहे. जळत असती तर निदान आठवण तरी काढत असती. इथे तर काहीच नव्हतं. सोन्याचे पाय जिने चोळून सरळ केले, ज्याला तिने चोरून गाईचं दूध पाजलं, जो तिला आये म्हणाला, त्या पोराच्या एवढ्या मोठ्या काचेत तिला सापाइतकीही जागा नव्हती. ती फरशीवर बसली, पाय लांब करून, आणि मोठ्याने रडायला लागली. दोन वर्षांचं रडणं होतं ते.

सहदेव हळूच म्हणाला, "मावशी, प्रभू असाच बोलावतो माणसाला."

"गप र," सगुणा हुंदक्यातच खेकसली. "कोन बोलवत नाय मना. मी माज्या पोरासाटी रडते."

ती बाहेर आली तेव्हा फाटकासमोरून कळव्याच्या बाया बाजाराच्या टोपल्या घेऊन चालल्या होत्या. त्यांनी तिला चर्चच्या दारातून येताना पाहिलं, तिचे सुजलेले डोळे पाहिले. त्या पाय उचलून पुढे निघाल्या, आणि सगुणाला कळलं, की आपल्याआधी बातमी घरी पोचणार.

बातमी पोचलीच होती. काळुराम मिठागर सोडून आला होता आणि ओटीवर डोकं धरून बसला होता. गोदा बोचकं बांधत होती.

"आये, तू बाटलीस का?" काळुरामने विचारलं. तो रागावलेला नव्हता, घाबरलेला होता.

सगुणाने पदराची गाठ सोडून मीठ आणि मिरच्या त्याच्यासमोर ओतल्या. "बग. पानी लागलं असतं तं मीठ कोरडं रायलं असतं का?"

काळुराम मिठागरावर वाढलेला. त्याने खडा उचलला, दोन बोटांत चुरला, जिभेवर ठेवला, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. पण गोदाला मिठाचा पुरावा चालला नाही. किरिस्तावाच्या घरात मी पाण्याचा थेंब घेणार नाही, असं तिने शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. लेकीला म्हणाली, "तू बी चल." मालन म्हणाली, ओल्या बाळंतिणीने कुठे जायचं. गोदा तणतणत एकटीच स्टेशनच्या वाटेला लागली, आणि तिला गाडीत बसवून द्यायला काळुराम थोरल्या मुलीला कडेवर घेऊन मागोमाग गेला.

घरात तिघंच राहिली. बाळाला त्या दिवशी न्हाऊ घातलेलं नव्हतं आणि ते किरकिरत होतं. मालनला अजून वाकता येत नव्हतं. तिने बाजेवरूनच विचारलं, "आये, तिकडं काय व्हतं?"

"डालिंबा," सगुणा म्हणाली.

"बोंडा नाय?"

"नाय. लाल लाल दानं. आनि मी नाय तिकडं, मालन. वाईट नाय, चांगली नाय. कुठंच नाय."

मालनने तिच्या तोंडाकडे पाहिलं. सासूचे डोळे रडून सुजलेले तिने कधी पाहिले नव्हते, भिवा गेला तेव्हाही नाही. ती उठली, भिंत धरत चुलीपाशी गेली आणि पाण्याखाली लाकूड सारलं. सगुणाने पाट मांडला, पाय लांब केले. मालनने बाळ आणलं आणि तिच्या नडग्यांवर ठेवलं.

सगुणाने तेलात बोटं बुडवली आणि टाळूवर ठेवली. पोर जरा कुरकुरलं आणि मग थांबलं. तिला वाटलं, मालन आता बाजेवर जाऊन पडेल. मालन गेली नाही. ती समोर उंबऱ्यावर बसली, कण्हत, भिंतीला टेकून, आणि तिची नजर सगुणाच्या हातांवर होती. हात टाळूवरून मानेकडे गेले, नजर मानेकडे गेली. हात घुटीच्या सहाणेकडे वळले, नजर सहाणेकडे वळली. तेवढ्यात सगुणाला सगळं समजलं. पोर दिलं आहे, विश्वास दिलेला नाही. तो बहुधा आता कोणीच देणार नव्हतं, काच काहीही म्हणो.

तिने जायफळ उचललं, मालनच्या नाकाशी धरलं, तिला वास घेऊ दिला, आणि सहाणेवर उगाळायला घेतलं.

"बस तिकडंच," ती म्हणाली. "उठू नको. येवढं किती घालते ते नीट बग. उद्या मी नसन, तुनाच घालाचा हाय."